पहिल्या कादंबरीचा पहिला वाचक

१९६३ च्या पावसाळ्यात खानदेशातल्या सांगवी गावी पंचविशीतला एक बेकार तरुण घरात बसून लिहीत होता. पंधरा-सोळा दिवसांत त्याने एक अख्खी कादंबरी संपवली. घाईला कारण होतं. पुण्याचे प्रकाशक रा. ज. देशमुख यांनी त्याच्यामागे लकडा लावला होता. त्याच वर्षी पुस्तक बाहेर आलं. कादंबरी होती ‘कोसला’ आणि तरुणाचं नाव भालचंद्र नेमाडे. देशमुखांची संस्था वि. स. खांडेकरांची पुस्तकं छापणारी. ध्येयवादी नायक आणि सुभाषितांनी नटलेली भाषा ज्या दुकानात विकली जात होती, त्याच दुकानाच्या दारातून ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर बाहेर पडला. पुढे त्या नटव्या भाषेची सद्दी मोडण्यात त्याचाच हात मोठा होता.

ही हकिकत मराठीत अनेकदा सांगितली जाते ती प्रतिभेचा चमत्कार म्हणून. त्यातले देशमुख मात्र तळटीपेत राहतात. पहिल्या कादंबरीच्या लेखकाला वाचक नसतो, कारण त्याचं नावच कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या आणि वाचकांच्या मध्ये आधी कुणीतरी एक जण लागतो, जो हस्तलिखित मागतो, वाचतो आणि पैसे घालतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ही मधली खुर्ची रिकामी क्वचितच होती, पण तिच्यावर बसणारी माणसं बदलत गेली. कधी धर्मप्रसारक, कधी साप्ताहिकाचा वर्गणीदार, कधी संपादक, कधी पुरस्कार समिती, आणि आता मोबाइलवर बोट फिरवणारा कुणी अनोळखी माणूस. त्या खुर्चीवर कोण बसलं आहे, यावर मराठी कादंबरीकार गोष्ट कशी सांगतो हेही बरंचसं ठरत आलं आहे.

सुरुवात बाबा पदमनजींपासून. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांना भेटते, त्यांच्या कहाण्या ऐकते. शेवटी तिच्यावरही वैधव्य येतं, ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. लेखकाच्या मनातला वाचक स्पष्ट आहे: ज्याचं मन वळवायचं आहे असा शिकलेला हिंदू पुरुष. त्यामुळे गोष्ट साक्षीपुराव्यांसारखी रचलेली आहे, एकामागून एक जबानी. चारच वर्षांनी आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ला कुणाचं मन वळवायचं नव्हतं, रमवायचं होतं. तिथे अद्भुत घटनांची रेलचेल आहे. मराठी कादंबरीचे बोधाचे आणि रंजनाचे दोन्ही काठ असे चार वर्षांच्या अंतराने आखले गेले.

मग नियतकालिकं आली आणि कादंबरी हप्त्याने जगू लागली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यांच्याच ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून वाचकांसमोर आली. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून येऊ लागली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लोकप्रिय कादंबरीचा तिच्यावर ठसा होता. नवखा लेखक वाचनातूनच हात साफ करतो, त्याचं हे उघड उदाहरण. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःचंच ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ सुरू केली. तिथली नायिका पुन्हा एक यमुनाच. फरक असा की ही यमू स्वतःच्या तोंडाने बोलते. पदमनजींच्या यमुनेने इतरांचं ऐकून घेतलं होतं. आपट्यांची यमू घरातल्या घरात, माजघराच्या भाषेत आपलं सांगत सुटते.

आठवड्याच्या आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे मागे जाऊन दुरुस्ती करायची सोय नाही. प्रकरणाचा शेवट असा हवा की वर्गणीदार पुढच्या अंकाची वाट पाहील. पाल्हाळ चालतो, किंबहुना तो लागतोच. आपट्यांच्या कादंबऱ्या लांबल्या त्यामागे स्वभाव असेल, पण छापखान्याचं वेळापत्रकही होतंच. वाचकाने दर आठवड्याला उंबरठ्यावर येऊन उभं राहायचं आणि लेखकाने त्याला आत घ्यायचं, असा तो व्यवहार होता.

तो वाचक अर्थातच मूठभर होता. ‘मधली स्थिती’ आली त्याच १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांकडून आलेलं निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. या मंडळींच्या पुस्तकांशी आपल्या लोकांच्या सुखदुःखाचा मेळ बसत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आज साहित्य संमेलनाच्या इतिहासात ते पत्र मानाने उल्लेखलं जातं. पण पहिली कादंबरी कोण लिहू शकतो आणि कोणासाठी, हा त्यातला प्रश्न मराठी साहित्याने पुरता अंगावर घ्यायला पुढची जवळजवळ नव्वद वर्षं गेली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासिकं वाढली. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि नव्या लेखकासाठी एक वार्षिक दार उघडलं, जे अजूनही बंद झालेलं नाही. ना. सी. फडके यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ १९१७ ची, खांडेकरांची ‘हृदयाची हाक’ १९३० ची. दोघांनाही वाचनालयांच्या वाचकाने डोक्यावर घेतलं. दोन-चार आणे वर्गणीत घरी येणारी, हातोहात फिरून कोपरे दुमडलेली कादंबरी, ही मध्यमवर्गीय घरातली नित्याची वस्तू झाली.

याच काळात प्रकाशक नावाचा माणूस खऱ्या अर्थाने पुढे आला. ह. वि. मोटे यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी याच नावाने ‘हिंदोळ्यावर’ ही पहिली कादंबरी आली. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. गदारोळ उठला आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. लेखिका पडद्याआड, लोकांच्या तोंडाला तोंड देणारा प्रकाशक समोर. त्या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. गंमत अशी की त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ही १९३९ मध्ये मोट्यांनीच प्रसिद्ध केली. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, युद्धाची चाहूल, नाझींपासून पळणारी ज्यू तरुणी हेर्टा आणि तिच्या प्रेमात पडलेला चक्रधर. लहानशीच कादंबरी, पण तिच्यात पाल्हाळ औषधालाही नाही. साप्ताहिकाचा वाचक पुढच्या अंकासाठी थांबत असे. ‘रणांगण’चा वाचक एका बैठकीत अस्वस्थ व्हावा, अशी तिची बांधणी आहे.

स्वातंत्र्यानंतर खुर्चीवर संपादक बसला. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ या घराण्यात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हस्तलिखितं ओळीओळीने वाचली, लेखकांना पानंच्या पानं पत्रं लिहिली, प्रकरणं पुन्हा लिहायला लावली. त्यांच्याकडून ‘साभार परत’ येणं हाही पुष्कळांच्या लेखी एक दाखला होता. व्यंकटेश माडगूळकरांची पहिली कादंबरी ‘बनगरवाडी’ १९५५ ची. माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळात उठून जाणारं गाव इतकंच तिचं कथानक. मौजेच्या आवडीचा संयम तिच्यात पानोपानी आहे. उलट श्री. ना. पेंडसे १९४९ मध्ये ‘एल्गार’ घेऊन आले ते छत्तिशीत. सगळेच नवोदित विशीतले नसतात.

या संपादकीय काटेकोरपणाने मराठी कादंबरी घोटीव झाली. पण त्याची किंमतही होती. एका घराची आवड म्हणजे चांगल्या साहित्याचं माप, असं होऊ लागलं आणि मापात न बसणाऱ्यांनी वेगळी चूल मांडली. अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली, चक्रमुद्रित पानांवर मजकूर निघू लागला, आणि १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला. १९६३ ची दोन पदार्पणं या ताणाच्या पार्श्वभूमीवर वाचावी लागतात. एक ‘कोसला’, दुसरी जयवंत दळवींची झोपडपट्टीवरची ‘चक्र’. नेमाड्यांनी रोजनिशी, टवाळी, कंटाळा, घरच्या बोलीतली वळणं असा सगळा ऐवज कादंबरीत भरला. काटेकोर संपादकाने तो छाटला असता, की आणखी उजळला असता? उत्तर देता येत नाही. पण देशमुखांनी तो तसाच छापला हे खरं, आणि सत्तरच्या दशकातल्या कितीतरी पहिल्या कादंबऱ्यांवर त्या मोकळीकीची छाप आहे.

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ त्यांतलीच एक. १९७४ मध्ये मौजेनेच ती काढली, म्हणजे तोवर घराचे दरवाजे रुंदावले होते. तुटक, उड्या मारणारी, स्वतःवरच दात काढणारी ही कादंबरी जाणकारांनी वाखाणली, पण सामान्य वाचक तिच्याकडे फारसा फिरकला नाही. नगरकरांनी ‘रावण आणि एडी’ मराठीतच सुरू केली होती. ती पूर्ण झाली आणि १९९५ मध्ये छापली गेली ती इंग्रजीत. पहिलं पुस्तक मराठीला मिळालं, पुढची दुसऱ्या भाषेला.

फुल्यांच्या पत्राला आलेलं मोठं उत्तर कादंबरीच्या वाटेने आलं नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल, अरुण साधू प्रभृतींनी ‘ग्रंथाली’ ही वाचकांची चळवळ सुरू केली. वाचकच सभासद, त्यांच्याच वर्गणीवर पुस्तक, आणि ग्रंथयात्रा काढून ते गावोगाव न्यायचं, अशी कल्पना होती. या वाटेने १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. ही आत्मकथनं, कादंबऱ्या नव्हेत. पण यानंतर पहिली कादंबरी लिहायला बसलेल्या ग्रामीण आणि दलित लेखकासमोर एक मोकळा रस्ता तयार होता: आपल्याच आयुष्यातलं, आपल्याच बोलीत, ‘मी’ म्हणून सांगायचं. पुणेरी प्रमाणभाषेची परवानगी लागणार नव्हती. १९८५ मध्ये राजन गवसांनी ‘चौंडकं’ लिहिली ती देवदासीच्या वाट्याला आलेल्या जगण्यावर, सीमाभागाच्या भाषेत. २००५ मध्ये कविता महाजनांच्या ‘ब्र’ने ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांचं जग कादंबरीत आणलं. त्याच सुमाराला कृष्णात खोतांची ‘गावठाण’ आली. याच खोतांना ‘रिंगाण’साठी २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

२००६ मध्ये मौजेने सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ छापली. पुण्यातलं एक घर, पेइंग गेस्ट म्हणून आलेला तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण. निम्मी कादंबरी तनय सांगतो, उरलेली अनुजा. दोघांच्या आठवणी एकमेकींवर पडतात, पण जुळत नाहीत. जेरी पिंटो यांच्या २०१३ च्या इंग्रजी अनुवादामुळे तिला मराठीबाहेर नवा वाचक मिळाला, २०२२ मध्ये लेखकानेच तिचा चित्रपट केला. ‘कोसला’ला इंग्रजीत जायला १९९७ उजाडावं लागलं होतं. सुधाकर मराठे यांनी केलेला तो अनुवाद चौतीस वर्षांनी आला.

आता व्यवहाराकडे. एके काळी मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती हे गृहीत असे. आज नवोदिताची कादंबरी पाचशे किंवा तीनशे प्रतींची निघते, आणि मागणी येईल तशा प्रती छापायचं तंत्र हाताशी आल्याने कधी त्याहून कमी. हिशेब मांडून पाहावा: तीनशे रुपये किंमत, दहा टक्के मानधन, पाचशेच्या पाचशे प्रती पूर्ण किमतीने खपल्या, तर लेखकाच्या हाती पंधरा हजार. दोन-तीन वर्षांच्या कामाचे. प्रत्यक्षात प्रती वर्षानुवर्षं खपत राहतात आणि सवलतीत जातात. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ ते ड अशा वर्गांतली. कागदावर हा फार मोठा गिऱ्हाईकवर्ग. पण ग्रंथालयाची खरेदी अनुदानाच्या हप्त्यावर, विक्रेत्याने देऊ केलेल्या सवलतीवर आणि माहितीतल्या नावांवर चालते. नव्या नावाची कादंबरी त्या यादीत शेवटी येते. तोवर अनुवादित पुस्तकं, चरित्रं आणि यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं कपाट व्यापून बसतात.

म्हणून पुष्कळ जण पदरचे पैसे घालतात. प्रकाशकाचं नाव मुखपृष्ठावर, छपाईचा खर्च लेखकाचा, आणि मोबदल्यात शंभर-दोनशे प्रती घरी. त्या पलंगाखाली राहतात, लग्नाकार्यात वाटल्या जातात. या व्यवहारात जी गोष्ट नाहीशी होते ती म्हणजे वाचन. ज्याचे पैसे अडकलेले नाहीत तो हस्तलिखित कशाला तीनदा वाचेल? मुद्रितं तपासली जातात, प्रकरण जास्त झालंय हे कुणी सांगत नाही. मौजेच्या पत्रांचा जाच आठवणाऱ्या पिढीला हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही.

सरकार आणि अकादम्या खुर्चीवर बसल्या त्या या पोकळीत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यातला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडशांच्या नावाचा आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून सुरू आहे: पन्नास हजार रुपये, वयाची अट पस्तिशीच्या आतली. छत्तिशीत पहिली कादंबरी लिहिणारे पेंडसे त्यात बसले नसते आणि अडतिशीत ‘ब्र’ लिहिणाऱ्या कविता महाजनही.

तरी या पुरस्काराने मराठीत एक चांगलं काम केलं. त्याने पुन्हापुन्हा तरुण कादंबरीकारांच्या पुस्तकांवर बोट ठेवलं. २०१४ मध्ये अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’, २०१८ मध्ये नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’, २०२१ मध्ये प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’, २०२४ मध्ये देविदास सौदागर यांची ‘उसवण’. चारही एकमेकींहून वेगळ्या. डोंगरे आणि सखदेव यांच्याकडे शहरातला, स्वतःकडे संशयाने पाहणारा तरुण आहे. गोरे यांच्याकडे सांगली जिल्ह्यातला जत तालुका आहे, तिथल्या बोलीसकट. तुळजापूरच्या सौदागरांची कादंबरी शिंप्याची: तयार कपड्यांच्या बाजारापुढे त्याचा धंदा आणि घर कसं टाक्याटाक्याने सुटत जातं याची. लेखकाने स्वतः शिवणकाम केलेलं असल्याने कापड, कात्री, मशीन हे तिथे सजावटीला आलेलं नाही.

पण पुरस्काराने पोट भरत नाही, हेही याच यादीत दिसतं. २०२० च्या टाळेबंदीत गोरे यांचं तासिका तत्त्वावरचं अध्यापन थांबलं आणि ते शेतात मजुरीला गेले. वृत्तपत्रांनी बातमी छापली, मग नोकरीसाठी मदतीचे हात पुढे आले. ‘फेसाटी’तला नाथा ज्या कष्टांतून वर येऊ पाहतो, तेच कष्ट कादंबरी छापून आणि गौरवली जाऊनही लेखकाची वाट पाहत उभे होते.

इकडे शेवटचा बदल वाचनाच्या साधनांत झाला आहे आणि तो एकोणिसाव्या शतकाची आठवण करून देतो. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठी कथामालिका भागाभागाने येतात. भाग संपला की खाली वाचकांचा तगादा सुरू: पुढचा भाग कधी? स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ने २०१७ च्या अखेरीस भारतात पाऊल टाकलं आणि थेट कानासाठी मराठी मालिका लिहून घेतल्या. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये लोंबकळताना, रात्री दिवा मालवल्यावर माणसं कादंबरी ऐकतात. ऐकणारा पान उलटून मागे जात नाही, म्हणून पात्रं थोडी, संवाद जास्त, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी गाठ. ‘करमणूक’च्या वर्गणीदाराचंच हे नवं रूप म्हणता येईल. पण आपटे लेखकही होते आणि संपादकही, पुढच्या आठवड्याला काय द्यायचं हे तेच ठरवत. आता कोणता भाग कुठे सोडून दिला गेला याचा आकडा लेखकाच्या हाती दुसऱ्या दिवशी येतो.

या सगळ्यात एक प्रश्न क्वचित विचारला जातो, तो दुसऱ्या कादंबरीचा. पहिलीसाठी अनुदान आहे, पुरस्कार आहे, प्रकाशन समारंभ आणि शाल-श्रीफळ आहे. दुसरीसाठी यांतलं फारसं काही नाही. नेमाड्यांची दुसरी कादंबरी ‘बिढार’ यायला १९७५ उजाडलं, म्हणजे बारा वर्षं. विश्राम बेडेकरांनी नाटकं लिहिली, चित्रपट केले, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र लिहून अकादमीचा पुरस्कार मिळवला, पण ‘रणांगण’नंतर दुसरी कादंबरी लिहिली नाही. तुळजापुरात, जतमध्ये, कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये आज जे कुणी पहिलं पुस्तक छापून बसले आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या वहीत दुसऱ्याची सुरुवात झालेलीही असेल. ती पुरी करायला लकडा लावणारा देशमुखांसारखा कुणी सध्या त्यांच्या दाराशी येत नाही.